व्यसन लागत नाही, मग बंदी का?

ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणे उरकली आणि घरातली मोठी माणसे आडवी झाली. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसला. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "मामू, एक विचारू? पण अम्मीला सांगू नका."

मी जिल्हा कोर्टात वकिली करतो. अशी सुरुवात ऐकली की पोटात गोळा येतो. तरी म्हटले, "विचार."

होस्टेलवरच्या एका मित्राने त्याला नखाएवढा कागदाचा तुकडा दाखवला होता. वर रंगीत चित्र छापलेले. मुले त्याला स्टॅम्प म्हणतात, कुणी डॉट म्हणतात. हे म्हणजे एलएसडी. भाच्याने तो घेतला नव्हता, पण मित्राचे बोलणे त्याच्या डोक्यातून जात नव्हते. याचे व्यसन लागत नाही, दारूसारखे लिव्हर खराब होत नाही, परदेशात डॉक्टर नैराश्यावर अशाच औषधांचे प्रयोग करत आहेत, आणि तरीही दारू दुकानात मिळते आणि याला दहा वर्षांची कैद.

"मामू, मी नंतर नेटवर बघितलं. तो सगळंच खोटं बोलत नव्हता. मग बंदी का आहे?"

"जहर आहे ते, नाव काढू नकोस," एवढे म्हणून मला मोकळे होता आले असते. पण पोरगा वाचून आला होता. माझे पहिलेच वाक्य खोटे ठरले असते, तर पुढची दहा खरी वाक्ये त्याने ऐकली नसती. "उद्या सकाळी बोलू," असे म्हणून मी वेळ मागून घेतली. त्या रात्री जे वाचले, जे आधीपासून ठाऊक होते आणि जे कोर्टात रोज दिसते, ते सारे एकत्र करून त्याला दिलेले उत्तर इथे मांडतो आहे. हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही घरात येईल.

एका बुरशीपासून सुरुवात

बाजरी पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना अरगट रोग ठाऊक आहे. कणसातून आधी चिकट मध गळतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट बुरशीचे खडे येतात. युरोपात त्याच कुळातली बुरशी राय नावाच्या धान्यावर पडते. तिच्यात रक्तवाहिन्या आणि गर्भाशय आकुंचित करणारी द्रव्ये असतात. तिकडच्या सुइणी बाळंतपणात तिचा उपयोग करीत, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी आजही दिले जाणारे एक इंजेक्शन याच द्रव्यांच्या घराण्यातले आहे.

या द्रव्यांवर काम करताना स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये एलएसडी तयार केले. त्याचा काही उपयोग दिसला नाही, म्हणून ते बाजूला पडले. पाच वर्षांनी त्याने ते पुन्हा बनवले आणि १९ एप्रिल १९४३ रोजी त्यातले २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग, स्वतः घेतले. इतकी कमी मात्रा कुणालाही निरुपद्रवी वाटली असती. त्याला सायकलवरून घरी न्यावे लागले. खोलीतल्या वस्तू आकार बदलू लागल्या, शेजारीण चेटकीण वाटू लागली, आपण वेडे झालो की मेलो हेही कळेना. डॉक्टरांनी तपासले तर शरीरात फारसा बिघाड नव्हता. काही तासांनी तो पूर्ववत झाला.

शरीर जवळजवळ ठीक, पण मन ताब्याबाहेर, हा या द्रव्यांचा विशेष पहिल्याच दिवशी दिसला. पुढची सगळी कहाणी त्यातूनच निघते.

जेव्हा ते औषध होते

ज्या गोष्टीवर आज इतकी कडक बंदी आहे, ती १९४७ पासून सँडोझ कंपनीच मानसोपचार डॉक्टरांना पुरवत होती. 'डेलिसिड' हे तिचे व्यापारी नाव. डॉक्टरांना वाटे की वेडाच्या आजारात रुग्णाला काय होते, ते यातून समजेल. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड आणि त्यांचे सहकारी दारूच्या व्यसनात बुडालेल्या रुग्णांवर याचा प्रयोग करीत होते आणि बऱ्याच जणांची दारू सुटल्याचे सांगत होते. 'सायकेडेलिक' हा शब्दही ऑस्मंड यांचाच. मनातले दडलेले उघड करणारे, असा त्याचा साधारण अर्थ.

याच काळात मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या आदिवासी वैदूंकडची भासकारक अळंबी बाहेरच्या जगाला कळली. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या 'लाइफ' मासिकात तिच्यावर लेख आला. पुढच्याच वर्षी हॉफमन यांनी त्या अळंबीतले सिलोसायबिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५० ते १९६५ या काळात या द्रव्यांवर हजाराहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. भाच्याच्या मित्राने "हे कधीकाळी औषध होतं" असे सांगितले असेल, तर ते खरे आहे.

मग बिघडले कुठे?

दोन धक्के

पहिला धक्का एका वेगळ्याच औषधाने दिला. थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी युरोपात गरोदर स्त्रियांना सर्रास दिली जात होती. तिच्यामुळे हजारो बाळे अपंग जन्मली, कुणाला हात नाहीत, कुणाला पाय नाहीत. जग हादरले. १९६२ मध्ये अमेरिकेने औषधांचा कायदा कडक केला. औषध सुरक्षित आहे एवढे पुरेसे नाही, ते उपयोगी आहे हेही शिस्तशीर चाचण्यांनी सिद्ध करा, असा नियम झाला.

इथे सायकेडेलिक द्रव्ये अडकली. चांगल्या चाचणीत अर्ध्या रुग्णांना औषध देतात आणि अर्ध्यांना साधी साखरेची गोळी. कुणाला काय मिळाले हे रुग्णाला कळू देत नाहीत, म्हणजे मनाच्या समजुतीने वाटणारा फरक वेगळा काढता येतो. पण एलएसडी घेतलेल्या माणसाला तासाभरात आपल्याला काय दिले आहे ते समजतेच! त्यामुळे गुण औषधाचा, डॉक्टरांच्या सहवासाचा की रुग्णाच्या श्रद्धेचा, हे ठरवता येईना. शिवाय अनेक डॉक्टरांनी अशा काटेकोर चाचण्या केल्याच नव्हत्या. साठ वर्षे झाली, ही अडचण आजही पूर्ण सुटलेली नाही.

दुसरा धक्का दिला तो हे द्रव्य हाताळणाऱ्यांनीच. हार्वर्ड विद्यापीठात १९६० पासून टिमोथी लिअरी आणि रिचर्ड अल्पर्ट हे प्राध्यापक सिलोसायबिनचे प्रयोग करीत होते. प्रयोग आणि प्रचार यांतली रेघ पुसट होत गेली. १९६३ मध्ये दोघांनाही विद्यापीठातून जावे लागले. त्यानंतर लिअरी तर गावोगाव फिरून तरुणांना ही द्रव्ये घ्या म्हणून सांगू लागला.

सरकारी हातही स्वच्छ नव्हते. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने १९५३ पासून 'एमके-अल्ट्रा' या गुप्त योजनेत माणसाच्या मनावर ताबा मिळवण्याचे प्रयोग केले, आणि त्यात कितीतरी लोकांना त्यांच्या नकळत एलएसडी दिले. १९७३ मध्ये या योजनेच्या बहुतेक फायली नष्ट करण्यात आल्या. तरीही १९७५ मध्ये ती उजेडात आलीच. तरुणांना या द्रव्यापासून दूर राहा म्हणून सांगणारे सरकार स्वतः ते लोकांच्या पेल्यात मिसळत होते.

खरी भीती आणि खोटी भीती

१९६५ च्या सुमाराला एलएसडी दवाखान्यातून निघून रस्त्यावर आले होते. चोरून बनवलेला माल, मात्रेचा ठिकाणा नाही, सोबत डॉक्टर नाही. घाबरून सैरभैर झालेली तरुण मुले इस्पितळात येऊ लागली. सँडोझने पुरवठा थांबवला. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात बंदी लागू झाली आणि १९६८ मध्ये ती संपूर्ण अमेरिकेत आली.

या धामधुमीत खऱ्या धोक्यांबरोबर खोटेही पसरले. एलएसडीने गुणसूत्रे तुटतात, असा निष्कर्ष १९६७ मध्ये एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. चार वर्षांनी त्याच नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला आणि माफक मात्रेत शुद्ध एलएसडी घेण्याने तसे होत असल्याचा पुरावा नाही, असे दिसले. १९६८ मध्ये पेन्सिल्वेनिया राज्यातल्या एका सरकारी अधिकाऱ्याने जाहीर केले की एलएसडी घेऊन सहा विद्यार्थी सूर्याकडे बघत राहिले आणि आंधळे झाले. बातमी देशभर गेली. काही दिवसांतच उघड झाले की ती गोष्ट त्याने रचली होती. मुलांना धाक बसावा, हा त्याचा हेतू.

हेतू चांगला असेलही. पण त्या खोट्याने मुलांचे काय झाले? मोठी माणसे या विषयावर खोटे बोलतात, एवढे मात्र त्यांच्या मनात पक्के बसले. मग खऱ्या धोक्याची सूचनाही कुणी मनावर घेईना.

त्यात राजकारण मिसळले. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी, केस वाढवलेली, आईबापांचे न ऐकणारी तरुण पिढी आणि हे द्रव्य, या दोन गोष्टी लोकांच्या नजरेत एकच झाल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कारकिर्दीत १९७० मध्ये नवा कायदा आला. त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक यादीत जाण्यासाठी तीन गोष्टी लागत: गैरवापराची मोठी शक्यता, मान्यताप्राप्त वैद्यकीय उपयोग नसणे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीही सुरक्षिततेची खात्री नसणे. एलएसडी आणि सिलोसायबिन या यादीत हेरॉइनच्या शेजारी बसले.

या तीन अटींत "व्यसन लागते" ही अट नाही, हे लक्षात घ्या. माझ्या भाच्याचा प्रश्नच तिथे चुकत होता. तो व्यसनाबद्दल विचारत होता. कायद्याने मात्र दोनच गोष्टी पाहिल्या होत्या: लोक याचा गैरवापर करत आहेत, आणि उपयोग व सुरक्षितता सिद्ध झालेली नाही.

व्हिएन्नातला करार

फेब्रुवारी १९७१ मध्ये व्हिएन्ना येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीचा करार झाला. अफू, कोकेन, गांजा यांच्यासाठी १९६१ चा करार आधीच होता. आता कारखान्यात बनणाऱ्या द्रव्यांची पाळी होती, आणि त्यांच्या चार याद्या करण्यात आल्या.

या परिषदेतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांचे व्यसन लागते, हे तेव्हाही माहीत होते. पण त्या गोळ्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आणि त्या कंपन्यांचे देश परिषदेत ठाण मांडून होते. त्या गोळ्या सौम्य याद्यांत गेल्या. एलएसडीमागे तोवर कुठलीच कंपनी उरली नव्हती. त्याची बाजू घेणारे कुणी नव्हते आणि ते सर्वांत कडक यादीत गेले. शास्त्रीय संशोधन आणि अतिशय मर्यादित वैद्यकीय उपयोग सोडला, तर बाकी सारे बंद. मात्र धार्मिक विधीत रानटी वनस्पती परंपरेने वापरणाऱ्या छोट्या आदिवासी समूहांसाठी देशांना सवलत मागण्याची मुभा ठेवली गेली.

तेव्हा ही बंदी फक्त शास्त्रावर उभी आहे, असे मी भाच्याला सांगितले नाही. तीत खरी काळजी आहे, अपुरा पुरावा आहे, अफवा आहेत, राजकारण आहे आणि व्यापारही आहे. पण "बंदीत राजकारण होते, म्हणून वस्तू निर्धोक आहे," हे म्हणणेही तितकेच चुकीचे. कायदा कसा झाला हा एक प्रश्न आणि वस्तू कशी आहे हा दुसरा.

वस्तू कशी आहे?

मित्राच्या बोलण्यात खरे किती? दारू, अफू किंवा तंबाखूची लागते तशी शरीराची ओढ एलएसडी किंवा अळंबीची लागत नाही, हे खरे आहे. केवळ त्या द्रव्याच्या विषाने मरण येणे फार विरळ, हेही खरे.

आता त्याने न सांगितलेले. हे द्रव्य घेतल्यावर आठ-दहा तास माणूस स्वतःचा राहत नाही. चांगले वाटेल की भयंकर, हे आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि अर्ध्यावर थांबवताही येत नाही. त्या भ्रमात गच्चीवरून पडलेली, वाहनासमोर गेलेली माणसे आहेत. ज्यांच्या घराण्यात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा आजार आहे, त्यांच्यात तो यामुळे उफाळून येऊ शकतो. आणि आपल्याकडे किती घरांत हे आजार उघडपणे बोलले जातात? मामाला काय झाले होते, आजीची बहीण घराबाहेर का पडत नसे, हे मुलांना आपण कधी सांगतच नाही. आपल्या रक्तात काय आहे ते मुलाला ठाऊक नसते आणि तो कागद जिभेवर ठेवतो. काही जणांना तर ते द्रव्य उतरल्यावरही महिनोन्महिने डोळ्यांसमोर रेषा आणि झळा दिसत राहतात.

आणखी एक. चोरबाजारातल्या कागदावर नक्की काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. एलएसडी म्हणून एनबोम या गटातली द्रव्ये विकली गेली आहेत आणि त्यांनी माणसे मेली आहेत. "याने कुणी मरत नाही" हे वाक्य प्रयोगशाळेतल्या शुद्ध द्रव्यापुरते असेल. होस्टेलच्या खोलीत आलेल्या कागदाला ते लागू नाही.

आपल्या देशातला कायदा

साठच्या दशकाच्या अखेरीस परदेशी हिप्पी गोव्याच्या हणजुणे-वागातोरच्या किनाऱ्यांवर येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर ही द्रव्येही आली. आपल्याकडे तेव्हा होता तो १९३० चा कायदा, आणि तो अफू, गांजा, कोकासाठी केलेला. एलएसडीसारख्या द्रव्यांसाठी त्यात सोय नव्हती. भारत १९७५ मध्ये व्हिएन्ना करारात सामील झाला आणि त्या कराराला धरून नोव्हेंबर १९८५ मध्ये गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम लागू झाला. यालाच सगळे एनडीपीएस म्हणतात. त्याच्यामागे संविधानाचे ४७ वे कलमही आहे. आरोग्याला घातक अशी मादक पेये आणि द्रव्ये औषधी कारण सोडून वापरली जाऊ नयेत, यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते.

या कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. एलएसडीची अल्प मात्रा म्हणजे ०.००२ ग्रॅम, म्हणजे दोन मिलिग्रॅमपर्यंत. व्यावसायिक मात्रा म्हणजे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यावसायिक मात्रेला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षे, शिवाय एक ते दोन लाख दंड.

आता हिशेब बघा. एका कागदावर द्रव्य असते साधारण शंभर मायक्रोग्रॅम. नुसते द्रव्य मोजले तर व्यावसायिक मात्रा व्हायला हजार तुकडे लागतील. पण त्या नखाएवढ्या कागदाचे स्वतःचे वजन दहा ते वीस मिलिग्रॅम भरते. मिसळलेला निरुपद्रवी पदार्थही वजनात धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये ठरवले. कागद वगळावा असे मत काही निकालांत आले होते, पण २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एलएसडीचा कागद वजनात धरावा असे म्हटले. म्हणजे एकच तुकडा अल्प मात्रेची हद्द ओलांडतो, आणि पाच-दहा तुकड्यांत मुलगा व्यावसायिक मात्रेत जातो. चार मित्रांनी पैसे काढून मागवलेले पाकीट एकाच्या कपाटात सापडले, तर कायद्यासमोर तो शौकीन राहत नाही, व्यापारी ठरतो.

व्यावसायिक मात्रेत जामीन जवळजवळ मिळत नाही. आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे, अशी कोर्टाची खात्री आधी पटवावी लागते. तपासालाच १८० दिवस मिळतात आणि ते वाढवताही येतात. वस्तू ताब्यात सापडली की "मला माहीत नव्हते" हे आरोपीनेच सिद्ध करायचे. स्वतःची खोली जाणूनबुजून या कामासाठी वापरू दिली तरी गुन्हा आहे, आणि कटात सामील असणेही गुन्हा आहे. सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बुरखा सावरत उभ्या असलेल्या आया मी बघतो. "साहेब, पोराने तर एकदाच..." हे त्यांचे वाक्य अर्धेच राहते. निकाल निर्दोष लागला, तरी गेलेली दोन-तीन वर्षे आणि बुडालेली डिग्री परत येत नाही.

हा वजनाचा हिशेब अन्यायाचा आहे का? वकील म्हणून मला तो खटकतो. शंभर मायक्रोग्रॅमसाठी कागद तोलणे मनाला पटत नाही, आणि यावर कोर्टात वाद होतच राहतील. पण कायदा बदलेपर्यंत तो आहे तसाच लागू होतो, आणि त्याची किंमत वाद घालणारा नाही, पकडला गेलेला मुलगा मोजतो.

दारू चालते, मग हे का नाही?

भाच्याचा सर्वांत बिनतोड मुद्दा हा होता. मी त्याला म्हटले, बेटा, कायद्याच्या बाजूने याचे उत्तर कच्चे आहे. दारूने या द्रव्यांपेक्षा कितीतरी जास्त घरे बुडवली आहेत. तिला परवाना आहे कारण ती जुनी आहे, तिच्यामागे मोठा व्यापार आहे आणि सरकारला तिच्यातून महसूल मिळतो. पण एक उघडे दार दाखवून दुसरेही उघडा म्हणणारा माणूस पहिले बंद का करू नये, याचे उत्तर देत नाही. आपल्या घरात तर हा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्याकडे दोन्ही दारे बंदच आहेत.

आणि ती का बंद आहेत, हेही त्याला नीट सांगावेसे वाटले. कुरआनात सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगाराबद्दल विचारणा आहे. तिथे त्यांच्यात लोकांना काही फायदे असल्याचे नाकारलेले नाही. गुनाह फायद्याहून मोठा आहे, असा तोल तिथे मांडला आहे. सूरह माइदातला सक्त मनाईचा हुकूम त्यानंतरचा. फायदा कबूल करून मग नुकसान तोलणे, ही रीत आपल्याला तिथूनच मिळते. मग मुलांशी बोलताना आपण फायद्याची गोष्टच का लपवावी?

हजरत उमर यांनी खम्रची ओळख सांगताना अकलेवर पडदा पडणे हीच कसोटी सांगितली. म्हणून द्राक्षाची की जवाची, प्यायची की जिभेवर ठेवायची, याला महत्त्व उरत नाही. पुढे हशीशचा प्रसार झाला, तेव्हा ती पेय नाही म्हणून काहींनी पळवाट काढली. दमास्कसच्या इब्ने तैमिया यांनी तीही दारूच्याच हुकमात येते असे लिहिले.

उलट उदाहरणही आहे. १५११ मध्ये मक्केत कॉफीवर बंदी आली होती! रात्री जागून ती पिणाऱ्यांच्या मैफली तिथल्या अधिकाऱ्याला खटकल्या. वैद्य आणि उलेमा जमवून त्याने ती नशा ठरवून टाकली. पण कैरोच्या दरबाराने ती पूर्ण बंदी मान्य केली नाही, आणि पुढे उलेमांच्या चर्चेतूनही कॉफी मोकळी झाली, कारण तिने अक्कल झाकली जात नाही, उलट जाग येते. नवी वस्तू दिसली की हराम म्हणून टाकायची, अशी आपली परंपरा नाही. कसोटी लावायची आणि मग ठरवायचे. एलएसडीला ही कसोटी लावायला फार वेळ लागत नाही. घरातली शेजारीण चेटकीण दिसते, तिथे पडदा पडलेलाच आहे.

उद्या औषध झाले तर?

भाच्याने हेही विचारले. परदेशात गेल्या वीस वर्षांत संशोधन पुन्हा सुरू झाले आहे. अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २००६ मध्ये सिलोसायबिनवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या नैराश्यावर त्याच्या चाचण्या चालू आहेत. १ जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात परवानगी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ ते देऊ शकतात. दुसरीकडे, ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी एमडीएमए या दुसऱ्या द्रव्यावर आधारित उपचाराला मंजुरी नाकारली आणि आणखी चाचणी मागितली. रुग्णाला कळतेच की आपल्याला काय मिळाले, ही साठच्या दशकातली अडचण तिथेही आडवी आली.

उद्या यातले एखादे औषध झाले, तर ते दवाखान्यात, रुग्णाची पूर्ण चौकशी करून, मोजलेल्या मात्रेत, तासन्‌तास शेजारी बसणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीत दिले जाईल. ऑपरेशनच्या वेळी भूल देतात, तिला आपण नशा म्हणत नाही. पण म्हणून भुलीचे औषध कुणी होस्टेलवर घेऊन बसत नाही.

घरात काय करावे

मुलाने असा प्रश्न विचारला तर आधी त्याचे आभार माना. ज्याने विचारले, तो अजून तुमच्या हातात आहे. खोटी भीती घालू नका. घराण्यात मनाचा आजार असेल तर मोठ्या मुलांना तो सांगा. त्यात शरम नाही. दुसऱ्याचे पाकीट, पार्सल, बॅग सांभाळायला घेऊ नये, हे मुलांना आणि मुलींनाही बजावून सांगा.

कुणी घेतलेच असेल आणि ते भ्रमात असेल, तर मारहाण, आरडाओरडा करू नका. शांत खोलीत जवळ बसा, एकटे सोडू नका आणि दवाखान्यात न्या. अंग तापले, झटके आले, शुद्ध हरपली तर क्षणही दवडू नका. काय घेतले ते डॉक्टरांपासून लपवू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि अमली पदार्थांविषयीच्या मदतीसाठी व माहितीसाठी १९३३.

आणि कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. कलम ६४ अ प्रमाणे सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या आरोपाखाली त्याच्यावर खटला चालत नाही. बदनामीच्या भीतीने मुलाला घरात लपवून ठेवणारे आईबाप हे दार स्वतःच बंद करतात.

सगळे ऐकून झाल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, त्या मित्राच्या कपाटात अजून सहा-सात आहेत."

मी वजनाचा हिशेब पुन्हा मनात केला. त्याने तो माझ्या आधीच केला असावा. त्याच दुपारी तो अंगणात जाऊन मित्राशी फोनवर बोलत होता. आत आला आणि अम्मीला म्हणाला, "मी उद्याच पुण्याला निघतो." अम्मीने सुट्टी शिल्लक असताना एवढी घाई कशाला म्हणून विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "जाऊ दे त्याला. काम महत्त्वाचं आहे."